आसरांची मुकी वाटी

गेल्या उन्हाळ्यात एका सोमवारी दुपारी बाराच्या सुमारास, गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, टंच काढून (धातूची शुद्धता तपासून) देणाऱ्या एका दुकानात आमच्या घरातली आसरांची वाटी यंत्राखाली ठेवली गेली. मिनिटभरात पडद्यावर उत्तर आलं. वाटी शिशाची होती.

दुकानात मी आणि वहिनी होतो. तिची चार वर्षांची मुलगी, माझी पुतणी, त्या वेळी दवाखान्यात दाखल होती.

वाटीची हकिकत आमच्या घरात अशी सांगतात. राधानगरीकडच्या आमच्या गावाजवळ डोह आहे. त्यात सात आसरा, म्हणजे पाण्यातल्या बाया, राहतात. पूर्वी लग्न निघालं की आदल्या दिवशी काठावर हळदकुंकू वाहून त्यांच्याकडे भांडी मागायची. सकाळी ती काठावर मांडलेली असत. कार्य उरकलं की परत करायची. आमच्या कुणा पूर्वजाने एक वाटी ठेवून घेतली. त्यानंतर भांडी आली नाहीत.

तिचा धातू माणसांचा नाही, याच्या खुणा मी लहानपणी स्वतः पाहिल्या आहेत. आकाराच्या मानाने ती फार जड होती. वाजवली तर नाद येत नसे. पाण्यातल्या धातूला आवाज नसतो, असं चुलती सांगे. नखाने ओरखडा उठे. तिला विस्तव दाखवायचा नाही, असा नेम होता. आणि तिच्यात रात्रभर ठेवलेलं आंबट ताक सकाळी गोडसर लागे. घरातल्या प्रत्येक मुलाला पाच वर्षांचं होईपर्यंत ते रोज पाजत. मीही प्यायलो आहे.

पुतणीचं पोट काही महिने दुखत होतं. येत असलेले शब्द ती विसरू लागली. रक्तात शिसं सापडल्यावर डॉक्टरांनी विचारलं, घरात जुनी, कल्हईची भांडी आहेत का?

"सगळी स्टीलची हायत," वहिनी म्हणाली. मला विचारलं, तेव्हा मीही तेच सांगितलं. आम्ही दोघं खोटं बोलत नव्हतो. वाटी देवघरात असे. तिला आमच्यात कुणी भांडं म्हणत नाही.

सोमवारी सकाळी डॉक्टर तपासायला आले, तेव्हा पुतणीने ताकाचा पेला ढकलून दिला.

"हे आंबट हाय. मला आसरांचं पायजे."

"कुणाचं?" डॉक्टरांनी विचारलं. वहिनीने सांगितलं. वाटी आजच तपासून आणा, असं ते म्हणाले.

पडद्यावरचं उत्तर वाचून दुकानदार हसला.

"काय पावणं, चांदी म्हणून गळ्यात मारली व्हय कुणी?"

"आसरांची हाय," वहिनी म्हणाली.

"मग आसरांनी फसवलं की तुम्हास्नी!"

"पोरीला ह्यातनं ताक पाजतो आम्ही."

दुकानदाराचं हसू थांबलं. तो उठला, मोरीपाशी गेला आणि साबण लावून त्याने दोनदा हात धुतले. आंबट ताकात शिसं उतरतं आणि त्यानेच चव गोड होते, हे त्या संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितलं.

शिवाजी पेठेतल्या घरी मी चुलतीला कळवलं. 

"तुझा धाकटा भाऊ बी ह्यातलंच प्यायचा की," ती म्हणाली. "झटकं यायला लागल्यावर दोनदा पाजत हुतो मी. सकाळी एकदा, दिवस मावळताना एकदा. गुण येईल म्हणून."

भाऊ चार वर्षांचा असताना गेला. मी सात वर्षांचा होतो. त्याचं रक्त तपासलं गेलं नव्हतं, त्यामुळे मृत्यूचं कारण आज सांगता येत नाही.

पुतणीवर उपचार सुरू झाले. वाटी दवाखान्यात, झाकण घट्ट बसवलेल्या डब्यात ठेवलेली आहे. पुतणीच्या रक्ताची दुसरी तपासणी झाली आहे. शिसं पहिल्यापेक्षा कमी आढळलं. ते अजून मर्यादेच्या आत आलेलं नाही.