बाजूला कोण झोपतं?

आमच्याकडं सून घरात आली की सासूनं आपलं अंथरूण नवऱ्याच्या खोलीतनं उचलायचं. तसं कुणी सांगत न्हाय, पर समद्याच बाया उचलत्यात. म्या बी उचललं. लेकाचं लगीन झालं, घरात सत्यनारायण झाला, पावणे गेले, आन् म्या माझी वाकळ घेऊन आतल्या खोलीत ज्वारीच्या पोत्यांपशी गेले. मालक पुढच्या खोलीत, लोखंडी पलंगावर. मालक म्हंजी माझा नवरा. आमच्या पिढीत नाव घ्यायची सवय न्हाय.

माझ्या एका चुलत जावेनं अंथरूण उचललं न्हवतं. तिचे गुडघे दुखायचे, खाली बसवत न्हवतं, आन् घरात पलंग एकच. तिच्या सुनेनं ती गोष्ट नळावर बोलून दाखवली. मग काय, ती हांडा घेऊन आली की बाया म्हणायच्या, "जुन्या चिंचेला नवी फुलं आली गं बाई." ती हसण्यावारी न्यायची. पर पुढं ती नळावर यायचीच बंद झाली. त्या बायांत म्या बी हुते. म्या बी हसले हुते.

मालक लई घोरायचे. डिझेल इंजनावाणी आवाज. आमच्यात घोरणाऱ्याला कुणी आजारी म्हणत न्हाय, दमून आलेल्या गड्याला चांगली झोप लागली म्हणत्यात. मालकांनी उभी हयात उसाचा ट्रॅक्टर चालवला. फडातनं ऊस भरायचा आन् ढोकीला कारखान्यावर खाली करायचा. तिथं ट्रॅक्टरांची रांग लागायची. त्या रांगेत मालक ष्टेरिंगवर डोकं ठिवून झोपायचे, पुढची गाडी सरकली तरी उठायचे न्हाईत. मागचे डायवर हॉर्न वाजवायचे, शिव्या द्यायचे. मालक घरी येऊन ते सोताच हसत सांगायचे. घरात बी तीच गत. जेवता जेवता घास हातात आन् मान खाली. म्या चारचौघांत म्हणायचे, कुंभकर्ण पदरात पडलाय. शेजारणीनं नजर लागली म्हणलं म्हून मीठ-मिरच्या उतरून चुलीत टाकल्या. त्यानं काय हुणार हुतं?

पर एक गोष्ट म्या वळखून हुते. घोरता घोरता मालकांचा आवाज एकदम तुटायचा. छाती हलायची, पोट हलायचं, पर नाकातनं वारा न्हाय. मग पाण्यातनं डोकं वर काढल्यावाणी एकदम श्वास घ्यायचे आन् फिरून इंजन चालू. त्यांच्या शेजारी झोपत हुते तवर म्या खांद्याला धरून कुशीवर करायचे. आत गेल्यावर म्या दाराआडनं ऐकत पडायचे. माझं समदं उलटंच हुतं. आवाज चालू तवर मला झोप लागायची, बंद झाला की म्या जागी. मग बांगड्या वाजवायचे, तांब्या आपटायचे. त्यानं बी न्हाय झालं तर हळूच दार लोटून जायचे, मालकांना कुशीवर वळवायचे, आन् सुनेला चाहूल लागायच्या आत माघारी यायचे. सोताच्या नवऱ्यापशी चोरावाणी जायचे. मालकांना सकाळी यातलं काईच ठावं नसायचं.

मग मालकांच्या छातीत दुखलं. गेल्या हिवाळ्यातलं हाय ह्ये. सोलापूरला नेलं, हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवली, आन् पुढच्या तपासण्या धाराशिवला करा म्हणून सांगितलं. लेक उसाच्या खेपांत अडकलेला, म्हून तपासणीला आमचे व्याही, सुनेचे वडील, त्यांची गाडी घेऊन आले. लई भला माणूस. गाडीत व्याही आन् मालक पुढं, म्या आन् सून मागं. म्या वाटभर डोईवरचा पदर खाली येऊ दिला न्हाय.

दवाखान्यात डाक्टरांच्या आधी एक सिस्टर बसली हुती. हृदयाच्या समद्याच पेशंटला ती झोपेचं इचारत हुती. म्या मनात म्हणलं, दुखतंय छातीत आन् ह्या झोपेचं काय घेऊन बसल्यात. तिनं मालकांचं वजन केलं, बीपी बघितलं, मग शिंप्याची टेप घेऊन गळ्याचा घेर मोजायला लागली. मालक म्हणले, "बाई, सदरा शिवायचा असंल तर बाह्या ढिल्या ठिवा." सिस्टर बी हसली, व्याही बी हसले. मालक आजारात बी आसेच बोलायचे.

ती म्हणली, गळा जाड हाय, बीपी जास्त हाय. घोरतात का? सून म्हणली, व्हय, घोरत्यात. दिवसा झोप येते का? मालक म्हणले, "झोप न्हाय येत. म्याच झोपंकडं जातो." परत समदे हसले. मग सिस्टरनं माझ्याकडं बघितलं.

"आजी, यांच्या बाजूला कोण झोपतं?"

म्या खाली बघितलं. माझ्या एका बाजूला सून, दुसऱ्या बाजूला व्याही. सिस्टरनं परत इचारलं, झोपेत यांचा श्वास मधीच थांबलेला तुम्ही कधी बघितला का?

"कोन न्हाय झोपत," म्या म्हणले. "एकटेच आस्त्यात. म्या आतल्या खोलीत झोपते. मला त्यातलं काय ठावं न्हाय."

ह्ये बोलायला मला जड गेलं न्हाय. ह्ये आज बी आठवतं. जीभ अडखळली न्हाय, लगीच बोलून गेले. वर पदर सारखा केला.

सिस्टरनं सुनेकडं बघितलं. सून फायलीतले कागद सारखे करत बसली. सिस्टर म्हणली, श्वास थांबत असंल तर ती साधी गोष्ट न्हाय, तसल्या पेशंटची घरी मशीन देऊन झोप तपासतात. स्प्रिंग बसवलेल्या माणसाला तर जपायलाच पायजे. आता घरातल्या कुणीतरी काही रात्री यांच्यापाशी झोपा, नीट बघा, आन् थांबतोय असं दिसलं तर फोन करा. फोन न्हाय केला तरी पुढच्या तपासणीला याच, म्हणली. तिनं तिचं काम नीट केलं. तिच्याकडं बोट दावायला जागा न्हाय.

माघारी येताना गाडीत मालक म्हणले, "घोरतो म्हून मशीन लावायला लागले तर निम्म्या गावाला वायर वढावी लागंल." व्याही हसले. म्या बी तोंडाला पदर लावून हसले, आन् तिथंच ती गोष्ट संपली. घरी लेकाला सुनेनं काय सांगितलं मला ठावं न्हाय. मालकांपशी कुणी झोपलं न्हाय. म्या आपली बांगड्या वाजवत ऱ्हायले. मला वाटायचं, म्या हाय की जागी. काम तर हुतंय. दवाखान्याला सांगायची काय गरज?

पर माणसाला वय हुतंय. माझा बी डोळा लागायचा.

ऊस संपत आला हुता तवाची गोष्ट. सकाळी सुनेनं मालकांना चहा दिला. म्या चुलीपशी हुते. कप पडल्याचा आवाज आला. जाऊन बघते तर मालक कपाकडं बघत बसलेले, उजवा हात मांडीवर मेल्यावाणी, तोंड एका बाजूला वढलेलं. काईतरी बोलायले हुते पर शबूद फुटंना. अंगावरनं वारं गेलं हुतं. लेकानं शेजारची गाडी काढली, तसंच धाराशिवला नेलं.

डाक्टर तरणेच हुते. त्यांनी सांगितलं, हृदयाचा ठोका वेडावाकडा झालाय, त्यामुळं रक्ताची गाठ हुऊन डोक्यात गेली. आन् परत त्येच इचारलं, झोपेत श्वास थांबतो का? आता तिथं लेक हुता, सून हुती, व्याही येऊन पोचले हुते, शेजारच्या खाटंवरचा पेशंट आन् त्याची बायको सुदिक कान दिऊन हुती.

म्या म्हणले, "थांबतो. लई वर्सं झाली. म्या उठून कुशीवर करते तवा चालू हुतो."

समदं सांगितलं. दार लोटून जायचं, बांगड्या वाजवायचं, समदं. व्याही खिडकीकडं तोंड करून उभे ऱ्हायले. लेक माझ्याकडं बघतच ऱ्हायला. डाक्टरांनी मधी तोडलं न्हाय.

माझं झाल्यावर म्या त्यांना इचारलं, म्या आधीच सांगितलं आस्तं तर ह्यांचा हात ऱ्हायला आस्ता का? डाक्टर म्हणले, श्वास थांबला की रक्तातला प्राणवायू उतरतो, बीपी चढतं, हृदयावर ताण येतो, ठोका बिघडायला त्ये एक कारण आसतं. पर वय हाय, आधीचा आजार हाय, तेवढ्यानंच झालं असं कुणी सांगू शकणार न्हाय. आन् झालं न्हाय आस्तं असं बी सांगता येत न्हाय. खरं बोलणारा माणूस हुता. खोटा आस्ता तर एक कायतरी बोलला आस्ता, मला त्ये घेऊन बसता आलं आस्तं.

मालक जरा सुधरल्यावर त्यांची झोपेची तपासणी केली. छातीला पट्टा, बोटाला चिमटा, नाकापशी नळी. सकाळी डाक्टर म्हणले, श्वास लई येळा थांबतोय. मग हवेची मशीन लिहून दिली. नाकावर मास्क बसवायचा, त्यातनं हवा येत ऱ्हाती, गळा मिटत न्हाय.

घरी आल्यावर सुनेनं न इचारता माझी वाकळ आतनं उचलली आन् पुढच्या खोलीत पलंगाच्या शेजारी आंथरली. म्या म्हणले, अगं, कोण काय म्हणंल. ती वाकळंच्या सुरकुत्या काढत बसली हुती, तशीच बोलली.

"आत्या, तुमी मामांकडं जायच्या ते मला ठावं हुतं की. माझ्या लग्नापासनं ठावं हाय. बांगड्या वाजायच्या."

"मग त्या दिवशी दवाखान्यात का न्हाय बोललीस?"

"तुमीच ‘मला ठावं न्हाय’ म्हणलात. मग म्या वर तोंड करून, ह्या जात्यात, असं कसं म्हणू? तिथं माझे वडील हुते." तिच्या डोळ्याला पाणी आलं. "म्या बोलायला पायजे हुतं."

आता तिच्या डोक्यावर बी त्ये वझं ठिवलं म्या. तिचा काय दोष? तिनं माझी अब्रू राखली. तिची सासूच तशी.

मास्कचा पट्टा मालकांना एका हातानं लावता येत न्हाय, त्ये काम माझं. दुपारी बी पडले की लावावा लागतो. पयलं पयलं त्यांना गुदमरल्यावाणी व्हायचं, काढून टाकायचे, म्हणायचे मला मुसकी बांधलेला बैल केला. हळूहळू सवय झाली. आता दिवसा मान पडत न्हाय. जेवताना घास तोंडात जातो, डाव्या हातानं का हुईना. आजून ट्रॅक्टर चालवत असल्यावाणी गप्पा मारत्यात, बोलणं जरा बोबडं झालंय तेवढंच. म्हंजी ह्यो इलाज हुता. तवा बी हुता, म्या न्हाय म्हणले त्या दिवशी बी.

एवढं होऊन मालकांना म्या सोता काई सांगितलं न्हवतं. डाक्टरांपशी बोलले तवा ते शुद्धीत न्हवते. परवा दुपारी, घरात कुणी न्हवतं, पट्टा लावायच्या आधी म्या म्हणले, "आवं, तुमचा श्वास तुटायचा ते मला आधीपासनं ठावं हुतं. त्या सिस्टरनं इचारलं तवा म्या न्हाय म्हणले."

मालकांनी माझ्याकडं मान वळवली.

"का?"

"व्याही हुते. सून हुती."

त्यांनी उजवा हात डाव्या हातानं उचलून पोटावर घेतला. तसाच त्यांना तो घ्यावा लागतो.

"व्हय," म्हणले. "व्याही हुते. कसं सांगणार."

मला बरं वाटावं म्हून बोलले न्हाईत. म्या त्यांना वळखते. त्यांना खरंच तसंच वाटलं. माझ्या जागी ते आस्ते तर त्यांनी बी त्येच केलं आस्तं. एखादी शिवी दिली आस्ती तर म्या ती घेतली आस्ती. त्यांच्या लेखी माझी चूकच न्हवती, मग माफी कुठनं देणार?

त्यांनी मान वर केली. म्या पट्टा लावला, मशीन चालू केली, आन् वाकळंवर पडून ऐकत ऱ्हायले. आता ऐकायची गरज न्हाय, तरी.