म्हादूच्या सीटखालचा दगड

लढाईच्या काळात आमची ट्रान्सपोर्ट कंपनी लोणावळ्याला होती. लोकांना वाटतं, फौजेत गेला म्हणजे समुद्रापार गेला. मी मळवलीचा. माझं पोस्टिंग घरापासून एका स्टेशनावर. माझा ब्रेक्समन म्हादू तर कुरवंड्याचा, कॅम्पातून त्याच्या गावचा डोंगर दिसायचा. पण रजा मिळाल्याशिवाय दोघांनाही घर तेवढंच लांब.

रोजचं काम ठरलेलं. सकाळी सहाला फॉल-इन. मग इन्स्पेक्शन. टायर, तेल, पाणी, कपलिंग. सातला लॉऱ्यांचा कॉन्व्हॉय सुटायचा, घाट उतरून खोपोलीला जायचं, लोखंडी सामान भरायचं आणि दुपारच्या आत वर यायचं. माझ्याकडे तीन टनी लॉरी आणि मागे चार चाकांचा ट्रेलर.

आता गावातली पोरं लॉरीच्या मागे वाट्टेल ते जोडतात आणि मला विचारतात, "भाऊ, लॉरीला ब्रेक हाय की. मग ट्रेलरला येगळा कशाला?" माझं डोकंच फिरतं. अरे, लॉरीचा ब्रेक लॉरीपुरता. उतारावर मागचा बोजा तुम्हाला ढकलतो, चढावर मागे ओढतो. उतरताना आधी ट्रेलरचा ब्रेक आवळायचा, मग लॉरीचा. उलटं केलंत की ट्रेलर बाजूनं पुढे येतो आणि लॉरीला घेऊन दरीत जातो. हे मी सांगतो आणि पोरं माना डोलावतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आमच्या ट्रेलरचा ब्रेक हातानं चालायचा. पुढच्या बाजूला एक सीट आणि शेजारी लोखंडी चक्र. ब्रेक्समननं सीटवर बसून चक्र फिरवायचं, की ब्रेक आवळला जायचा. मला तो दिसत नसे आणि इंजिनाच्या आवाजात माझं बोलणं त्याला ऐकू जात नसे. म्हणून हॉर्न. एक लांब म्हणजे आवळ. दोन आखूड म्हणजे सोड. बाकी त्याचा जीव माझ्या पायात आणि माझा त्याच्या मनगटात.

म्हादूचं मनगट चांगलं होतं. खोड एकच. त्याचं घराणं गाडीवानांचं. घाट चढताना एक माणूस बैलगाडीमागे हातात दगड घेऊन चालतो. बैल दम खायला थांबले की त्यानं लगेच चाकामागे दगड लावायचा. म्हादूनं लहानपणापासून हेच केलेलं. ट्रेलरवरही तो सीटखाली एक काळा, जड दगड ठेवायचा. आमचे हवालदार शेलार इन्स्पेक्शनला तो रोज फेकून द्यायचे.

"हे काय आहे?"

"दगड, साहेब."

"दिसतोय मला. कशाला?"

"असू द्या की, साहेब. बिरेकचा काय भरवसा? लोखंड हाय ते."

"काहीही झालं तरी ब्रेक्समन सीट सोडणार नाही. समजलं?"

"व्हय, साहेब."

कॉन्व्हॉय सुटेपर्यंत सीटखाली नवा दगड. मी म्हणायचो, "म्हाद्या, लढाई संपेस्तोवर निम्मा घाट उचलून आणशील."

"आणीन की. वर तुलाच बसवीन."

हवालदारसुद्धा मिशीत हसायचे.

भातकापणीचे दिवस आले. म्हादूची आई एकटी. बाप नाही, भाऊ नाही. त्यानं रजेचा अर्ज केला होता आणि तो मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो घरी जाणार होता. वर्कशॉपमधल्या फिटरकडून विळ्याला धार लावून घेतली आणि विळा गोणपाटात गुंडाळून सीटखाली दगडाशेजारी ठेवला. दिवसभर त्याचं एकच.

"भात लोळाय लागलंय रं. आई कुटं कुटं पुरणार?"

"उद्या जातोयस ना? आज ब्रेककडं बघ," मी म्हणालो.

खोपोलीला माल भरला आणि वर निघालो. हवा स्वच्छ होती. वळणावरून नागफणीचा सुळका दिसला की म्हादू रोज आरोळी मारायचा, कारण त्याच्या मागेच त्याचं गाव. त्या दिवशीही मारली. मला ती इंजिनाच्या आवाजातही ऐकू आली.

उभ्या चढावर पुढच्या वळणाआड बैलगाड्या अडकल्या होत्या. कॉन्व्हॉयमध्ये आम्ही शेवटचे, हवालदारांची लॉरी वळणापलीकडे गेलेली. मी थांबलो. एक लांब हॉर्न. म्हादूनं ब्रेक आवळला, गाडी जागच्या जागी उभी. थोड्या वेळानं रस्ता मोकळा झाला. मी गिअर टाकला, दोन आखूड हॉर्न दिले, म्हादूनं ब्रेक सोडला. लॉरी हातभर पुढे गेली आणि इंजिन बंद पडलं. पेट्रोलमध्ये कचरा होता, हे नंतर फिटरनं सांगितलं.

सगळा बोजा मागे ओढू लागला. मी ब्रेकवर उभाच राहिलो, हँडब्रेक खेचला, लांब हॉर्न दिला. म्हादूनं चक्र फिरवलं असतं तर आम्ही थोडं घसरून थांबलो असतो. पण चाक मागे फिरताना त्याला दिसलं असणार, आणि त्याचा हात चक्राकडे गेलाच नाही. तो दगडाकडे गेला. उडी मारून त्यानं चाकामागे दगड लावला.

दगड उभ्या गाडीला थोपवतो. सुटलेल्या गाडीला नाही. चाक दगडावरून गेलं, ट्रेलर तिरका झाला, आणि सगळं थांबलं.

"म्हाद्या!"

"हितं हाय."

"कुटं हितं?"

"चाकाखाली. बबन, पाय काढू नगं."

"न्हाई काढत. तू बोलत ऱ्हा."

ट्रेलर तिरका झाल्यामुळे आरशात त्याची खाकी बाही दिसत होती. तेवढीच. मला उतरता येत नव्हतं. पाय काढला असता तर उरलेला बोजा त्याच्या अंगावर गेला असता. इंजिन लागतं तरी उपयोग नव्हता, पुढे जाण्याआधी गाडी जराशी मागे आलीच असती. मी नुसता हॉर्न दाबत राहिलो. माझा दोस्त माझ्यामागे मरत होता आणि मी सीटवर बसून होतो. इतका लाचार मी आयुष्यात कधी झालो नाही.

"बबन."

"बोल."

"आईला सांग, उद्या न्हाई जमत."

"तूच सांग. येतायत लोकं."

तो बोलला नाही. मी हाका मारत राहिलो. आरशातली बाही हलत नव्हती. तरी पाय काढता येत नव्हता.

खालून चढणाऱ्या बैलगाड्यांचे गाडीवान धावत आले. प्रत्येकाच्या हातात आपापला दगड. त्यांनी लॉरीच्या आणि ट्रेलरच्या एकूण एक चाकामागे दगड ठोकून बसवले. एक म्हातारा गाडीवान माझ्या दाराशी आला.

"सोड आता पाय, लेकरा. न्हाई हालत ती."

मला पाय उचलताच येईना. गुडघा आखडला होता. हवालदार शेलार वळणावरून पळत आले आणि त्यांनी दोन्ही हातांनी माझा पाय पेडलवरून उचलला. मी मागे गेलो तेव्हा म्हादू संपला होता.

म्हादूच्या घरी हवालदार आणि मी गेलो. मी विळा बरोबर घेतला होता. त्याची आई खाचरात वाकून कापत होती. आम्हाला बघून ती उभी राहिली. मग माझ्या हातातलं गोणपाट बघितलं आणि खाली बसली. रडली नाही. हवालदारांनी टोपी काढून सगळं नीट सांगितलं. लॉरी, चढ, इंजिन, ब्रेक. तिला त्यातलं किती कळलं कुणास ठाऊक. मी दिलेल्या विळ्याच्या धारेवरून ती बोट फिरवत होती. मग तिनं माझ्याकडे बघितलं.

"दगड लावला न्हवता का रं त्यानं?"

"लावला व्हता, आई."

"मग?"

मी तिच्या हातातून विळा घेतला आणि ती जिथं थांबली होती तिथून कापायला लागलो.