आतून बंद होणारं दार

आमच्याकडे दार म्हटलं की गिऱ्हाईक बाहेरच्या बाजूचं बोलतं. कोयंडा केवढा, कुलूप किती जड, पुढच्या गणपतीला मुंबईहून येईपर्यंत गंजणार नाही ना. आतून काय लावायचं, हे क्वचितच कोणी विचारतं. रत्नागिरीत माझं हार्डवेअरचं दुकान आहे. दुसऱ्याच्या दुकानात खिळे तोलून देता देता मी हा धंदा शिकलो, आणि माझ्यासमोर बसून कोणी भाव पाडून गेलं असं फारसं झालेलं नाही. मला राग लवकर येतो असं घरचे म्हणतात. मला कारण असलं तरच येतो. कारणं खूप असतात, त्याला मी काय करणार.

माझी मुलगी एका विद्यापीठात शिकते आणि तिथल्याच वसतिगृहात राहते. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, कारण ती अजून तिथेच आहे. आवार काजूच्या टेकडीला लागून. पाऊस संपता संपता एका दुपारी कुत्र्याच्या मागे लागलेला बिबट्या टेकडी उतरून थेट वर्गांच्या व्हरांड्यात आला. कुत्रा निसटला, बिबट्या राहिला. "वाघ! वाघ!" असा ओरडा झाला, मुलांनी वर्गाचं दार लोटलं आणि तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की दाराला आतून काहीच नाही. बाहेर कडी, कोयंडा, संध्याकाळी शिपाई घालतो ते कुलूप, सगळं जागच्या जागी. आत फक्त जुन्या खिट्टीची भोकं.

त्यांनी टेबल ओढून दाराला लावलं आणि त्यावर माझी मुलगी बसली, कारण टेबलाजवळ तीच होती. बाहेरून तो दाराला अंग घासत गेला. त्याचा श्वास ऐकू आला, असं ती सांगते. मग तो गटाराच्या अंगाने निघून गेला. वनखात्याची माणसं आली, त्यांनी ठसे पाहिले, बिबट्याच होता असं सांगितलं आणि तीही निघून गेली.

दिवाळीला मुलगी घरी आली. बिबट्या येऊन गेल्यापासून वर्गात ती दाराजवळच्या बाकावर बसायची आणि एक पाय दाराला लावून ठेवायची. वहीत काही उतरत नव्हतं, कारण कान बाहेर. सुट्टी संपत आली तरी परत जायचं नाही असं ती म्हणत नव्हती, पण बॅगही भरत नव्हती. एके दिवशी म्हणाली, "बाबा, मी दुकानात बसू का?"

दुकानात बसायला माझ्याकडे माणसं आहेत. शिकायला घरात ती एकटीच.

मी विद्यापीठात जाऊन आवाराची व्यवस्था बघणाऱ्या साहेबांना भेटलो. म्हटलं, वर्गांना आतून कडी पाहिजे.

"आतून? मुलं कोंडून घेतील की हो!"

"घ्यायलाच पाहिजे. बिबट्या बाहेर असतो."

मग मी वर एक बोल्ट, खाली एक बोल्ट, मध्ये आडवा अडसर, दाराला लोखंडी पत्रा आणि बघायला काचेचं भोक, एवढं मागितलं. साहेबांनी एकेक गोष्ट मोठ्या समाधानाने खोडली. शेवटी राहिलं ते साधं लॉक. आतून नॉब फिरवला की बंद, बाहेरून फक्त किल्लीने उघडणार. मला पहिल्यापासून तेच हवं होतं. माल मी खरेदीच्या भावात दिला. असं मी कधी करत नाही. लॉकं बसली, मुलीने बॅग भरली, मी तिला एसटीत बसवून आलो.

काही दिवसांनी त्याच बाजूला काम निघालं म्हणून आवारात डोकावलो. प्रत्येक दारावर माझं लॉक चकचकीत होतं. आतला नॉब एकाही दाराला नव्हता. नुसता चौकोनी दांडा बाहेर आलेला. बोटांनी फिरवून पाहिला, हलला नाही.

शिपाई तिथेच होता. "शेठ, नॉब सायबांनी काढून ठेवलेनी. पोरं ते हरवून टाकतील म्हणून."

"कुठे ठेवले?"

"हापिसात, कपाटात. कपाटाला कुलूप हाय, काळजी नको."

"आणि बिबट्या आला म्हणजे?"

शिपायाने जरा विचार केला. "तेव्हा सायबांची सही घ्यायची."

मी साहेबांच्या खोलीत गेलो. काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. दोन क्लार्क दारात येऊन उभे राहिले, एवढं पुरे. साहेब शांतपणे म्हणाले, "ओरडताय कशाला? लॉक बाहेरून लागतंय, तुमचा माल वापरात आहे. मुलीच्या भीतीवर तुम्ही धंदा केलात, आम्ही काही बोललो का?"

माझ्या हातात किल्ल्यांचा जुडगा होता. तो मी टेबलावर ठेवला. आपटला, असं ते म्हणतात.

थोड्या वेळाने साहेबच भाव उतरवून बोलले. "बरं, तुमच्या मुलीच्या वर्गाचा नॉब आज बसवून देतो. एवढ्यावर मिटवा."

मी मिटवलं. ज्याच्यासाठी आलो होतो ते मिळालं होतं, बाकीच्या वर्गांना त्यांचे त्यांचे बाप होते. हातात हात दिला आणि बाहेर येऊन मुलीला बोलावून सांगितलं.

ती म्हणाली, "म्हणजे बिबट्या शेजारच्या वर्गात शिरला तर मी नॉब फिरवून बसायचं?"

"तुझं काम झालं ना?"

"बाबा, त्यांचा ओरडा ऐकू तर मलाच येणार आहे. सगळ्यांना नसेल तर मला नको. मी त्या वर्गात बसणार नाही."

"अगं, ठरलेला सौदा मी मोडत नाही."

"मग मी बॅग भरते."

समोरच्याला काय झोंबतं हे ओळखूनच ती तोंड उघडते. कुठून शिकली, हे विचारण्यात अर्थ नव्हता. मी परत आत गेलो.

"सौदा मोडला," मी म्हटलं. "सगळ्या दारांना, नाहीतर कुठेच नको."

"हा व्यापाऱ्याचा शब्द!" साहेब म्हणाले. मग त्यांनी क्लार्कना जायला सांगितलं आणि पहिल्यांदाच खरं कारण काढलं. पूर्वी कसल्याशा मागणीसाठी मुलांनी एका वर्गात आतून खिट्टी लावून घेतली होती. गर्दीत एक मुलगी बेशुद्ध पडली. आतल्यांना घाबरून खिट्टी निघेना, शेवटी पहारीने दार फोडलं. तिला उचलून जीपपर्यंत हे साहेबच घेऊन गेले होते. मुलगी वाचली. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गांच्या खिट्ट्या यांनी स्वतः स्क्रू-ड्रायव्हर घेऊन काढल्या.

"पण आता बाहेरून किल्ली आहे," मी म्हटलं.

"किल्ली शिपायाकडे. शिपाई जेवायला. त्या दिवशी पहार हवी होती, तेव्हाही जेवायलाच गेला होता."

उत्तर नसलं की मी प्रश्न विचारतो.

"तुम्ही गावाला जाता तेव्हा घराची किल्ली कुठे ठेवता?"

"शेजारी. आणखी कुठे ठेवणार?" असं म्हणाले आणि थांबले.

"एका वर्गाची किल्ली पलीकडच्या वर्गात?" ते म्हणाले.

"फळ्याच्या बाजूला, खुंटीवर. कोणाला काही झालं तर शेजारी उघडतील. बाहेरचं कोणी आलं तर त्याला काही मिळणार नाही."

"एका शेजाऱ्यावर मी भरवसा ठेवत नाही. तो वर्ग रिकामा असला तर?"

"मग दोन्ही अंगांना एकेक ठेवा."

घासाघीस तेवढीच झाली. शिपायाने कपाटातून नॉबची पिशवी आणली आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या दारांना नॉब लागले. साहेबांनी चहा मागवला. धंद्याबद्दलचं ते वाक्य मागे घ्यायला त्यांना वेळ मिळावा म्हणून मी अगदी सावकाश प्यायलो. त्यांनी घेतलं नाही. अजून घेतलेलं नाही.

परवा त्यांचा फोन आला. "तुमच्या मुलीच्या वर्गाने आतून दार लावून वाढदिवस केला. मी तेव्हाच सांगत होतो!"

"उघडलं का?"

"शेजारच्या वर्गातल्या मॅडमनी किल्ली लावून उघडलं."

"म्हणजे चालतं."

त्यांनी फोन ठेवला. मी लगेच मुलीला लावला.

"दार कोणी बंद केलं?"

"मी," ती म्हणाली. मागे बराच गोंगाट चालला होता.

"आणि दाराजवळ कोण बसलं होतं?"

"कोणी नाही. सगळे केकपाशी होतो."

वर्ग शिकायला असतो, असं मी तिला बरंच सुनावलं. मग केक कसला होता ते विचारलं.