पाचवं वाचन

मेडशीहून वाशिमला जाणाऱ्या एसटीत एक बाई माझ्या शेजारी होती. मांडीवर न बोलणारी सात वर्षांची लेक, पलीकडे सासू. बाईनं पिशवीतून लॅमिनेशन केलेला इंग्रजी रिपोर्ट काढला.

"ताई, शिकेल दिसता. मोठ्यानं सांगा, सासूबाईले आयकू द्या."

घरातली पहिली बीएस्सी मी, ताठ बसून सांगितलं, "एका जनुकात बदल आहे. आईबापाकडून आलेला नाही, पोरीतच नव्यानं झाला."

"आन् म्या ग्रहनात भाजी चिरली म्हनून पोर अशी झाली म्हंतात, थे?"

"त्याचा काही संबंध नाही."

"तुमी पाचव्या, ताई. पाचीजणी एकच सांगून राह्यल्या."

म्हातारी खिडकीकडून इकडं वळली. मग तिनं हात पुढे केले. "दे पोरीले इकडं. तुह्या मांड्या अवघडल्या असतीन."

मला नोकरी अजून नाही. पण डिग्री फुकट गेली, असं आता कुणाला म्हणू देत नाही.