चार पांढरे दाणे

आमच्या वरच्या मजल्यावरचे भाडेकरू कॉलेजच्या लॅबमध्ये काम करतात. वीजघराच्या चिमणीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतील असे दाणे ते बनवतात. मला समजावताना त्यांचं प्रत्येक वाक्य ‘मतलब’ने सुरू होतं आणि मी होते तिथेच राहते. दाणे गॅस धरतात, तापवले की सोडतात. सोडायचाच तर धरला कशाला, असं विचारलं की ते खूश होऊन पुन्हा पहिल्यापासून सांगतात.

सोमवारी ते जिन्यात भेटले. “काकू, हे बघा,” म्हणत त्यांनी डबी उघडली आणि माझ्या तळहातावर चार पांढरे दाणे ठेवले. उज्जैनमध्ये सोमवारी असं कुणी काही हातावर ठेवलं तर माणूस काय करणार? मी ते कपाळाला लावले आणि तोंडात टाकले.

दाणे जिभेला चिकटले आणि चक्क चटका बसला.

“थुका काकू, थुका!”

मी ओंजळीत थुंकले. डबी हातात धरून ते पायरीवरच बसले.

“मतलब, हे दाणे पाणी प्यायले की तापतात. चिमणीच्या धुरातही हेच. आधी वाफ पितात, मग गॅसला जागाच उरत नाही. किती वर्षं झाली, काकू, हेच चाललंय.”

जीभ माझी पोळली होती आणि डोळे त्यांचे भरले होते. कुणी कुणाला धीर द्यायचा, मला समजेना.

काल त्यांनी देवळातून चिरोंजीचा, म्हणजे इथल्या पांढऱ्या साखरदाण्यांचा, प्रसाद आणला. आधी एक दाणा स्वतः खाल्ला, मग हात पुढे केला. मी थांबले. त्यांनी आणखी एक खाल्ला.