सहा वाजताचं इंजेक्शन

आधीच सांगते, असल्या गोष्टी वाचायला मला आवडतात, पण त्यातली एकही मला कधी खरी वाटलेली नाही. मी अकरा वर्षं कोकणातल्या एका सरकारी दवाखान्यात नर्स होते. आमची डबा खायची खोली शवागाराच्या भिंतीला लागून होती. तिथे बसून मी निवांत आमटी-भात जेवले आहे, नाइट ड्युटीला डुलक्याही काढल्या आहेत. मला कधी कोणी दिसलं नाही की कोणी हाक मारली नाही. एखादी सिस्टर असलं काही सांगायला लागली की मी विचारायची, "आधी बीपी तपासलंस का गं?"

त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय. झाल्या प्रकाराची नाही... माझी स्वतःची. ते पुढे येईलच.

माझं नाव देत नाही. मुलींची नावंही बदलली आहेत. आम्ही जिथे राहतो तिथे तेच बरं.

शारजात, रोला बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं छोटं दुकान आहे. मेतकूट, कुळथाचं पीठ, आमसुलं, दिवाळीला फराळ. मुग्धा चार वर्षांची असताना आम्ही इथे आलो, ती इथेच वाढली. आता दुबईतल्या बर दुबई भागात राहते, मीना बाजारपासून पाच मिनिटांवर, प्राचीबरोबर. प्राची सांगलीची, वेल्डिंग इन्स्पेक्टर. आठवड्यातून दोन दिवस तिला कंपनीच्या बसने अबू धाबीजवळ मुसफ्फाच्या यार्डात जावं लागतं.

चार वर्षं मी सगळ्यांना "मुग्धाची फ्लॅटमेट" म्हणून सांगत होते. मला कळत नव्हतं असं नाही. कळून घ्यायचं नव्हतं. मग एके दिवशी मुग्धाने दुकानात, बरण्या पुसता पुसता सांगून टाकलं, की आम्ही दोघी जोडीदार आहोत आणि आम्हाला मूल हवंय. मी म्हटलं, "बरणी नीट ठेव, फुटेल." त्यावर मी एवढंच बोलले. आमचे हे तर उठून गोदामात गेले.

ट्रीटमेंट इथे शक्यच नव्हती. भारतात एकट्या बाईला कायद्याने करता येते, पण जोडपं दोन बायकांचं असेल तर नाही. म्हणून पुण्याच्या क्लिनिकमध्ये मुग्धा एकटीच म्हणून गेली. फॉर्मवर लिहिलं, सिंगल वुमन. प्राची बाहेर सोफ्यावर "मैत्रीण" म्हणून बसली. पहिल्यांदा गर्भ रुजला नाही. मुग्धाने रडत फोन केला, तर मी म्हटलं, "देवाच्या मनात नसेल." अकरा वर्षं मॅटर्निटी वॉर्डात काढलेली बाई मी, कुठल्या पेशंटला मी असं बोलले नव्हते. त्यानंतर सात महिने ती दुकानात आली नाही.

एकच गर्भ उरला होता. पुण्याला जाऊन तो गर्भाशयात सोडून त्या परत आल्या. आता रोज संध्याकाळी सहा वाजता कमरेखाली एक इंजेक्शन. तेलातलं औषध, जाड सुई, दुखतं फार. ते प्राची द्यायची. मुग्धाला लहानपणापासून सुईची भीती. लसीच्या वेळी मीच तिला मांडीत आवळून धरायची.

तो मंगळवार होता. हे माल आणायला चिपळूणला गेले होते. दुपारी चारला मोबाइलवर मुग्धाचा फोन आला. सात महिन्यांनी.

"आई, प्राची मुसफ्फाला अडकलीये. यार्डात ऑडिट आहे, तिला सोडत नाहीयेत. मला स्वतःला नाही जमणार गं. ट्राय केलं, हात थरथरतो. तू येशील? जस्ट आजचा दिवस."

"तुमच्या तिथे क्लिनिकं काय कमी आहेत?"

"तिथे नवऱ्याचं नाव विचारतात, आई. मॅरेज सर्टिफिकेट मागितलं तर काय दाखवू?"

मी म्हटलं, "दुकानात कोणी नाही. आणि आता ट्रॅफिक असेल."

 ती म्हणाली, "आई, संध्याकाळी जॅम शारजाकडे येताना असतो. जाताना रस्ता मोकळा असतो."

इथे राहणाऱ्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. सबब काढायची तर निदान धड काढायची... मी "बघते" म्हणून फोन ठेवला, आणि काही बघितलं नाही. दुकान बंद करता आलं असतं. टॅक्सी दारात मिळते. मी गल्ल्यावर बसून आमसुलांची पाकिटं भरत राहिले. मनात एकच, की आपण गेलो म्हणजे हे सगळं आपल्याला मान्य आहे असा अर्थ होईल.

सहा वाजून दहा मिनिटांनी दुकानातला लँडलाइन वाजला.

"काकू, मी प्राची. प्लीज फोन ठेवू नका. तुम्ही निघालात का? नसाल तर आता तरी निघा, तासभर उशीर झाला तरी चालेल म्हणालेत डॉक्टर. मी पाया पडते तुमच्या."

आणि मी काय बोलले ते आता शब्दन् शब्द लिहिते. त्यासाठीच लिहायला बसले आहे. मी म्हटलं, "फॉर्मवर सिंगल वुमन लिहिलंत ना? मग घेऊ दे सिंगलनेच." आणि फोन ठेवला.

खलास. त्या संध्याकाळी मी एवढंच केलं. नऊला दुकान बंद केलं, वर जाऊन झोपले. झोप लागली नाही, पण पडून राहिले.

दहा-अकरा दिवसांनी भरदुपारी मुग्धा दुकानात आली. मी उभी राहीपर्यंत ती गल्ल्याच्या आत येऊन माझ्या गळ्यातच पडली.

"आई, टेस्ट पॉझिटिव्ह आली. आणि हे तुझ्यामुळे. त्या दिवशी तू आली नसतीस ना..."

मला वाटलं टोमणा मारतेय. मारावाच तिने.  पण ती बोलतच सुटली.

"ठीक सहाला बेल वाजली. मला वाटलं प्राचीच. दार उघडलं तर तू! काही बोलली नाहीस, सरळ बेसिनवर गेलीस. हात धुतलेस आणि टॉवेल नको म्हणून हात वर धरून वाळवलेस, तसेच, टिपिकल तू. मग अँप्यूल मुठीत धरून बसलीस किती वेळ. म्हणालीस, गार तेल टोचलं की गाठ येते. मग मला पालथं झोपवलंस आणि विचारलंस, काल भाजी काय केली होती? मी म्हटलं दोडका... आणि तेवढ्यात झालं पण होतं! मला कळलंही नाही, आई!"

 कुपी मुठीत उबवायची, भाजी विचारायची, आणि पेशंट भाजी आठवत असताना सुई घालायची, ही माझी पद्धत. आमच्या हेडसिस्टरने शिकवलेली. मुग्धाने ती लहानपणी पाहिली असेल, मान्य. मनाचे खेळ असतील, तेही मान्य. पण मग सुई टोचली कोणी?

"आणि जाताना काय म्हणालीस आठवतंय?" मुग्धाचे डोळे भरून आले होते. "म्हणालीस, प्राची दमून येईल, तिच्यासाठी खिचडी टाक. आई, तू कधी तिचं नाव पण घेत नव्हतीस."

खरं होतं ते. तोपर्यंत मी प्राचीला "ती तुझी" म्हणायची.

तेव्हाच सांगायला हवं होतं, की मुग्धा, मी आले नव्हते. शब्द ओठांपर्यंत आले. पण सात महिन्यांनी पोर मिठीत होती, तिच्या केसांना तोच खोबरेल तेलाचा वास होता... मी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हटलं, "पुरे आता रडणं. पोटातल्याला त्रास होईल." न केलेल्या कामाचं श्रेय मी असं मुकाट घेऊन टाकलं.

ती गेल्यावर मी मोबाइलवर दुकानाच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग काढलं. आमच्याकडे महिनाभराचं राहतं. मंगळवार, सहा वाजता... गल्ल्यावर मीच. कुठे गेले नव्हते, उठलेही नव्हते. पण एक गोष्ट बघून मी तो भाग पाच-सहा वेळा मागे घेतला. सहाला दोनेक मिनिटं असताना मी पाकीट भरायचं थांबवते आणि उजवी मूठ मिटून मांडीवर ठेवते. घट्ट. अंगठा वरून हळूहळू फिरतोय. लँडलाइन वाजतो, तो मी डाव्या हाताने उचलते. मी उजव्या हाताची आहे. इतकी वर्षं तो फोन मी उजव्याच हाताने उचलत आले. फोन ठेवते, मूठ तशीच. सव्वासहाच्या आसपास मूठ उघडते आणि पुन्हा पाकिटं भरायला लागते. मला यातलं काही म्हणजे काही आठवत नाही.

पुढच्या आठवड्यात मी पहिल्यांदा मुग्धाच्या घरी गेले. डब्यात पुरणपोळ्या होत्या. खालचा नातूर, म्हणजे वॉचमन, म्हातारा माणूस, मला बघून उठला. "आज लिफ्ट चालू है, आंटी. उस दिन आपको चढ़ना पड़ा." मी मान डोलावली. माझे गुडघे बारा महिने दुखतात, त्यामुळे त्या मंगळवारी जास्त दुखले का, हे सांगता येत नाही.

दार प्राचीने उघडलं. तिला बघून मला ब्रह्मांड आठवलं. कारण सहा-दहाला मी शारजात होते हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस समोर उभा होता. मी काय बोलले तेही तिने ऐकलं होतं. मला वाटलं, आता ही मुग्धासमोर सगळं काढणार. ती म्हणाली, "या काकू, आत या."

ती काही बोलली नाही. त्या दिवशी नाही, डोहाळजेवणाला नाही, पुण्याला बाळंतपण झालं तेव्हाही नाही. दवाखान्यात माझ्या गळ्यात "आजी"चा पास होता, आणि ती बाहेर व्हिजिटरच्या रांगेत उभी होती. कुठल्याच कागदावर ती कोणी नाही. मी पास काढून तिला द्यायला हवा होता. नाही दिला. दर भेटीला मला वाटायचं, आज बोलेल.  मग पोर बोलायला लागली, आणि मुग्धा तिला रोज सांगू लागली, "आजी आली म्हणून तू आलीस!" पोर टाळ्या वाजवते. मी हसते. त्या हसण्याची मला किळस यायला लागली होती.

गेल्या महिन्यात नातीचा, तन्वीचा, दुसरा वाढदिवस झाला. मुग्धा फुगे आणायला खाली गेली होती. स्वयंपाकघरात मी आणि प्राची, मी साबुदाण्याचे वडे तळत होते. न राहवून मी म्हटलं, "प्राची, त्या दिवशी मी आले नव्हते."

ती प्लेटा पुसत होती. म्हणाली, "माहितीये, काकू."

"मग मुग्धाला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही फोन ठेवलात ना, तसा मी लगेच मुग्धाला लावला. म्हटलं, निदान तिच्याशी बोलत राहते, तिला धीर येईल. तिने फोन उचलला आणि म्हणाली, थांब, आई आहे. आणि काकू... मागून तुमचा आवाज आला. काल भाजी काय केली होती, असा." प्राचीच्या हातातलं फडकं थांबलं. "दोन मिनिटांपूर्वी तुम्ही मला शारजाहून ते बोलला होतात. तोच आवाज. मी यार्डातच खाली बसले. सगळ्यांना वाटलं उन्हामुळे चक्कर आली."

 वडा करपला.

"मला काही कळत नाही यातलं," ती म्हणाली. "मी पाइपवरचा वेल्डसुद्धा एक्स-रेची फिल्म काढल्याशिवाय पास करत नाही. पण घरी आले तर मुग्धा खिचडी घेऊन बसली होती. म्हणाली, आईने तुझं नाव घेतलं. इतकी खूश मी तिला कधी बघितली नव्हती. तिला आई मिळाली होती, काकू. मी कशाला काढून घेऊ?"

माफी मागायला मी तोंड उघडलं, पण पावणेतीन वर्षांची माफी कढईसमोर उभं राहून कशी मागायची ते मला सुचेना. मी नुसती रडले. तिने गॅस बंद केला.

मग म्हणाली, "दुसऱ्या बाळाचं बघतोय. ह्या वेळी मी. पुढच्या महिन्यात इंजेक्शनं चालू होतील. मुग्धाला सुई धरवत नाही, तुम्हाला माहितीच आहे. तुम्ही याल?"

तेरा दिवस झाले, मी रोज जाते. पहिल्या दिवशी हात धुतले, वर धरून वाळवले, कुपी मुठीत घेऊन बसले. मुग्धा म्हणाली, "सेम टू सेम, आई!" तेव्हा मी तिला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं, फोनवरच्या त्या वाक्यासकट. ती ऐकत राहिली. रडली नाही, ओरडली नाही. उठून तन्वीला घेऊन गॅलरीत गेली. अजून माझ्याशी मोजकंच बोलते. पण दार तीच उघडते.

त्या मंगळवारी तिथे कोण गेलं होतं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. कोणाला शास्त्रीय कारण माहीत असेल तर जरूर लिहा, मी बीपी, शुगर सगळं तपासून घेतलंय, नॉर्मल आहे. जी कोणी गेली ती माझ्यापेक्षा बरी आई होती, एवढं नक्की.

मी पाच वाजून वीस मिनिटांनी दुकान बंद करते आणि टॅक्सी करते. शारजाकडे येणाऱ्या बाजूला गाड्या एकीला एक चिकटून उभ्या असतात. माझी बाजू मोकळी असते. पस्तीस मिनिटं लागतात. त्या दिवशीही पस्तीसच लागली असती.