मावशींनी निवडलेला चाकू

परभणी जिल्ह्यात माझ्या बायकोच्या मावशीइतकी चिकित्सा करून घडीचा चाकू घेणारं माणूस दुसरं नाही, आणि शेजारच्या जिल्ह्यात कुणी असलंच तर त्याने अजून मावशींना तोंड दाखवलेलं नाही. मुलीसाठी स्थळ बघताना त्यांना जेवढा वेळ लागला नसेल तेवढा त्या चाकू बघताना लावतात. मावशी मानवतजवळच्या एका खेड्यात राहतात. काका गेल्यापासून कापूस आणि सोयाबीन त्याच बघतात, आणि कमरेला खोचलेल्या कापडी चंचीत सुपारी, चुना आणि मिटलेला चाकू एवढा ऐवज घेऊन दिवसभर शिवारात हिंडतात. खताच्या पोत्याची शिवण, ठिबकची नळी, सुतळीची घट्ट बसलेली गाठ, दुपारचा पेरू, सगळ्यांना तो एकच चाकू. घरातल्या विळीबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नाही. ती बसून राहणाऱ्यांची वस्तू आहे, असं त्या म्हणतात.

मी मुलगी बघायला गेलो तेव्हा बाकीची मंडळी नोकरीचं, घराचं, भावंडांचं विचारत होती. चहा झाल्यावर मावशींनी एकच प्रश्न विचारला, "पाव्हनं, चाकू हाय का जवळ?"

मी नाही म्हणालो.

"मंग रस्त्यात काय अडलं तर काय करता?"

"कुणाला तरी मागतो."

"त्येच्याजवळबी नसला तर?"

माझ्या वडिलांना वाटलं, आत काहीतरी कापायचं खोळंबलंय. ते घाईने म्हणाले, शेजारून आणवा की. मावशींनी माझ्याकडे आणि वडिलांकडे आळीपाळीने बघितलं आणि हे घराण्यातच आहे, अशा अर्थाची मान हलवली. पुढे लग्न ठरलं, पण मावशींनी आपली अट घातलीच. हळद उतरली की आधी जावयाला चाकू घ्यायचा, देवदर्शन नंतर.

त्याप्रमाणे आम्ही मानवतच्या बाजारात एका हत्यारांच्या दुकानात गेलो. मावशींना येताना बघून दुकानदाराने पंख्याचा वेग वाढवला आणि पोराला चहा सांगितला, यावरून प्रकरण लांबणार हे मला कळलं. त्याने सुरुवातीलाच आपला सगळ्यात भारी चाकू काढला. त्यात कात्री होती, पेचकस होता, डबा उघडायची आकडी होती, दात कोरायची काडीसुद्धा होती. मावशींनी एकेक अवयव बाहेर काढून बघितला आणि विचारलं, "समदं हाय. चाकू कुटं हाय ह्याच्यात?" मग दुसरे आले. एकाचं पातं उघडल्यावर डावी-उजवीकडे किंचित हलत होतं. "आत्ताच हलायलंय, धा वर्सांनी नाचंल." एकाची मूठ चकचकीत होती, म्हणून त्यांनी चहाच्या बशीत बोटं बुडवून ती धरून बघितली, सटकली, म्हणून बाद. एकाला खटका नव्हता, म्हणजे उघडलेलं पातं जागच्या जागी अडकत नव्हतं. तो त्यांनी पाठीकडून टेबलावर दाबला. पातं मिटलं. "हितं तुमचं बोट आसतं," त्या मला म्हणाल्या. पातं लांब असलेलेही नको होते. चार बोटांपेक्षा लांब पातं ज्याला लागतं त्याच्या मनात फळ कापायचं नसतं, असा त्यांचा हिशेब होता. वजनदारही नको, कारण जड चाकू माणूस चार दिवस खिशात ठेवतो आणि मग कपाटात.

अखेर एक साधा, लाकडी मुठीचा, भक्कम खटक्याचा चाकू निघाला. पात्याच्या बुडाशी एक घुंडी होती. तिला अंगठा लावून सरकवलं की एका हाताने पातं उघडायचं. मावशींनी तो माझ्या हातात दिला आणि डावा हात पाठीमागे धरायला लावला. मी उघडला, मिटला, पुन्हा उघडला. "एक हात नेहमी कामात आसतो," त्या म्हणाल्या. "चाकू दुसऱ्या हाताला जमला पायजे." स्वतःचा चाकू मात्र त्यांनी बदलला नाही. त्याच्या पात्याला नख घालून उघडायची खाच होती, आणि तो त्यांच्या हाती इतका बसला होता की उघडताना दिसायचाच नाही. आधी मिटलेला असायचा, मग सुपारीचं खांड पडलेलं असायचं.

एकदा एका सरकारी कचेरीच्या फाटकावर बाई पोलिसांनी त्यांची चंची तपासली आणि चाकू बाहेर काढला. मावशी जराही बिचकल्या नाहीत. "बाई, पातं बगा. ह्यानं मानूस मरत न्हाई. पेरू मरतो." चाकू बाहेर ठेवून घेतला गेला, पण परत येताना त्या बाई पोलीस तो उघडून आपल्या तळहातावर तोलत होत्या, आणि असला कुठे मिळेल, असं विचारत होत्या. मावशींनी त्यांना दुकानाचा पत्ता दिला, आणि खटका दाबून बघितल्याशिवाय घेऊ नका, हेही बजावलं.

गेल्या हिवाळ्यात मावशी आणि मी जिंतूरला एका नातलगाकडे निघालो होतो. फाट्यावर बसची वाट बघत उभे होतो. समोरून एक मोटारसायकल गेली, नवराबायको होते, आणि थोड्या अंतरावर ती आडवी झाली. बाईची ओढणी मागच्या चाकात गेली होती. गळ्याभोवतीचा वेढा आवळला होता आणि तिचं डोकं चाकापाशी ओढलं गेलं होतं. नवरा ओढणी हाताने फाडायला बघत होता. ती फाटत नव्हती. चाक मागे फिरवा, नको, पुढे फिरवा, असं जमलेले लोक म्हणत होते. मावशी सगळ्यांच्या आधी पोचल्या होत्या. त्यांनी चाकू काढला, खाचेत नख घातलं आणि ओढलं. पातं हललं नाही. पुन्हा ओढलं. मी बघितलं, त्यांचा अंगठा वाकतच नव्हता.

"जावाई," त्या मान वर न करता म्हणाल्या, "तुमचा काढा."

मी काढला. अंगठ्याने पातं उघडलं. मावशींनी आपली दोन बोटं ओढणीच्या आणि त्या पोरीच्या गळ्याच्या मधे घातली आणि कापड उचलून धरलं. "धार भायेरच्या अंगाला. घाई नगं. हां." कापड सुटलं. पोरगी खोकली, मग मोठ्याने श्वास घेऊ लागली. नवरा रस्त्यावरच बसला. कुणीतरी पाण्याची बाटली आणली. मी चाकू तसाच उघडा धरून उभा होतो.

"मिटा आता," मावशी म्हणाल्या. "लोकं बगायलेत."

बसमध्ये त्यांनी खिडकीकडे तोंड करून आपला चाकू मांडीवर घेतला. बराच वेळ त्या खटपट करत होत्या. मग म्हणाल्या, "गंज आला आसंल."

"तेल घालू," मी म्हणालो. पातं स्वच्छ होतं, दोघांनाही दिसत होतं.

पुढे आम्ही पुन्हा त्याच दुकानात गेलो. दुकानदाराने घुंडीचे, छिद्राचे, बटणाचे, होते नव्हते तेवढे सगळे चाकू मांडले. मावशींनी या वेळी पात्यांकडे बघितलंच नाही, मुठी दाबून बघितल्या नाहीत. फक्त प्रत्येकाला अंगठा लावला आणि खाली ठेवला. एक सैल होता, तो उघडला. पण तो खिशातसुद्धा आपोआप उघडला असता, म्हणून त्यांनीच परत केला. दुकानदार हळूच म्हणाला, "मावशी, घरात कुनीबी उघडून दिल की."

"मंग कुनालातरी मागायचंच झालं," मावशी म्हणाल्या आणि उठल्या.

जुना चाकू अजून त्यांच्या चंचीत आहे. आम्ही गेलो की जेवणं झाल्यावर त्या ओसरीवर बसतात, सुपारी काढतात, आणि चाकू माझ्यासमोर ठेवतात. मी तो उघडेपर्यंत दावणीच्या बैलांकडे बघत राहतात. उघडा चाकू हातात आला की बोटाने धार बघतात, आणि मग पूर्वीसारख्याच, अगदी बारीक, एकसारखी सुपारी कातरतात. पहिलं खांड माझ्या हातावर ठेवतात.